थंडी ऐकू येते

आज सकाळी ह्यांनी घरातले सगळे एसी बंद केले. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते, आणि एकदम घर गप्प झालं.

कुवेतमध्ये राहणाऱ्याला हिवाळा असाच कळतो. पानं गळायला झाडं हवीत, ती मोजकीच, आणि त्यातल्या खजुरांना ऋतूशी फारसं देणंघेणं नाही. इथे मार्च-एप्रिलात घराघरांत सुरू झालेली घरघर हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी थांबते, आणि इतके महिने तिच्याखाली दबलेले आवाज वर येतात. फ्रिजचं कुरकुरणं. शेजारच्या मल्याळी घरातला कुकर. खाली हारिस, म्हणजे आमच्या इमारतीचा राखणदार, जिन्यावर पाणी मारता मारता खोकतो, तो खोकला. माझ्या मैत्रिणींना ही शांतता फार आवडते. 'सुटलो बाई एकदाचे' म्हणतात, बॅगांमधून शाली काढतात, समुद्रावर फिरायला जातात. मला मात्र धस्स होतं. आजही झालं. हातातली चाळणी घेऊन तशीच बाहेर आले.

"लावा परत," मी म्हटलं.

"अगं, बाहेर बघ जरा. लोक कानटोप्या घालून फिरतायत."

"निदान मुक्ताच्या खोलीतला लावा. थोडा वेळ."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेले आणि बटण दाबलं. मुक्ता ही आमची लेक. ती आता इथे राहत नाही, इंग्लंडात लीड्सला असते, त्यामुळे त्या रिकाम्या खोलीत एसी कुणासाठी, हा प्रश्न कुणीही शहाणा माणूस विचारेल. ह्यांनी विचारला नाही. मी आत गेले तर पोह्यांचा लगदा झाला होता, तो तसाच फोडणीला टाकला. दर वर्षी ह्या दिवशी माझ्या हातून असं काहीतरी बिघडतं, आणि हे ते मुकाट्याने खातात.

खाऊन झालं तरी मला बसवेना. टेबल पुसलं, पुसलेलं परत पुसलं, कपाटातले स्वेटर काढून गॅलरीत टाकले, वाऱ्याने उडतील म्हणून आत आणले. ह्या दिवसांत असंच होतं. पायांना कळतच नाही की घरात जायला दुसरी जागा नाही.

आमच्या घरी अजून खिडकीतले एसी आहेत. हल्ली नव्या इमारतींत सगळं छताच्या आत लपवलेलं असतं, गारवा कुठून येतो ते दिसतही नाही. आम्ही मात्र समुद्र दिसतो म्हणून फाहाहीलच्या ह्या जुन्या इमारतीला चिकटून राहिलो, आणि एसीही तेच राहिले. त्यात मुक्ताच्या खोलीतला सगळ्यांत नाठाळ. सुरू होताना आधी खोकतो, मग हुंकारतो, मग एकदा घसा साफ झाला की दिवसभर एका सुरात घोरतो. त्या आवाजात मुक्ता रांगली, चालली, बोलायला शिकली.

आणि बोलायला शिकली तेव्हा तिने एक गोंधळ घातला. मी तिला सारखं विचारायचे, "थंडी वाजतेय का ग?" एक दिवस तिने मान वाकडी करून नीट कान दिला आणि म्हणाली, "हो. ऐकू येतेय."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. तिच्या आयुष्यात थंडी आली होती ती फक्त त्या खिडकीतून, आणि ती खरोखरच वाजत होती! पाऊस वाजतो, बेल वाजते, फोन वाजतो, तशी थंडी वाजते. बटण दाबलं की वाजायला लागते, बंद केलं की थांबते. आता ह्यात पोरीचं चुकलं काय, तुम्हीच सांगा.

हे पुण्याचे. भाषेच्या बाबतीत ह्यांना तडजोड चालत नाही. "मुक्ता, थंडी ऐकू येते असं म्हणत नाहीत. मला थंडी वाजते, असं म्हणायचं. वाजते म्हणजे लागते."

"मग लागते का नाही म्हणत?"

"कारण भूक लागते. तहान लागते. थंडी वाजते."

"भूक वाजत नाही?"

"नाही."

"पोटात वाजते की!"

ह्यांनी पेपर उघडला. मी हसून हसून लोटपोट. पुढे तिने त्यात आणखी भर घातली. 'किती वाजले' हे तिला माहीत होतं, तेव्हा सकाळी पांघरुणातून डोकं काढून ती विचारायची, "आई, आज थंडी किती वाजली?" मी म्हणायचे, "साडेतीन." मग ती समाधानाने परत आत शिरायची. मोठी झाली, शाळेत इंग्रजीत बोलायला लागली, घरातही इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली, पण थंडीचा विषय निघाला की ती हटकून हे चुकीचं मराठी बोलायची. आम्हाला चिडवायला. ह्यांनी दुरुस्त करायचं, आणि तिने मुद्दाम परत तेच म्हणायचं, हा त्या दोघांचा खेळच झाला होता.

मराठीत आणखी एक गोष्ट वाजते, ती म्हणजे छाती. ती मात्र आमच्या घरात कुणाला हसवणारी नव्हती. मुक्ताला लहानपणापासून दम्याचा त्रास. इथे वाळूचं वादळ आलं, आकाश हळदीसारखं पिवळं झालं की आम्ही आधी सगळ्या खिडक्या लावायचो. ती खेळत असायची, बोलत असायची, आणि मला पलीकडच्या खोलीतून कळायचं. श्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी. हे म्हणायचे, "मला काही ऐकू येत नाही." मी तिच्या पाठीला कान लावायचे आणि म्हणायचे, "वाजतेय. गाडी काढा." माझे कान असे तयार झाले. एखादी बाई गाणं शिकते तसे मी दोन आवाज शिकले, एक एसीचा आणि एक लेकीच्या छातीचा.

खरं तर कानांची ही खोड माहेरची असावी. आम्ही निफाडकडचे, द्राक्षांच्या गावचे. आमच्याकडची थंडी म्हणजे चेष्टा नाही. पारा उतरायला लागला की दादा, माझे वडील, बसत नसत. जेवायला बसले तरी एक पाय पाटाबाहेर. पहाटे बागेत ओळीओळींतून शेकोट्या पेटवायच्या, धूर वेलींच्या खाली धरून ठेवायचा, म्हणजे मणी तडकत नाहीत. उजाडताना मी त्यांच्यामागून जायचे. ओला पाला आणि काटक्या चरचरायच्या, आणि दादा मध्येच थांबून हात वर करायचे, 'गप' म्हणायचे आणि ऐकायचे. काय ऐकायचे देव जाणे. मी विचारलं तर म्हणायचे, "मणी तडकला तर आवाज येतो." मला कधी आला नाही. शेजारी पाटलांचा गहू होता. तीच थंडी त्यांच्या गव्हाला मानवायची, आणि पाटील बांधावरून हाक मारायचे, "काय झकास पडलीय हो यंदा!" दादा हसायचे, पण पाय थांबायचे नाहीत. एकाच थंडीने एका बांधावर हसू आणि दुसऱ्या बांधावर धूर, हे मी परकरात असताना पाहिलं होतं. कुवेतला, समुद्र दिसणाऱ्या घरात, ते परत पाहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मुक्ता लीड्सला शिकायला गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात फोनवर ओरडली, "आई, ऐक! इकडे उलटं आहे!" तिने फोन खोलीतल्या रेडिएटरला लावला. भिंतीला टेकून असलेली ती लोखंडी नळ्यांची चौकट, तिच्यातून गरम पाणी फिरतं आणि खोली तापते. जुनं घर, जुने पाइप. तापायला लागले की ठणठण करायचे. टक्, टक्-टक्, मग थांबून एक मोठा ठण्. "इकडे थंडी एकदम गप्प असते. इकडे गरमी वाजते!" ह्यांनी तोंड उघडलं होतं, 'गरमी नाही, ऊब' म्हणायला, पण मी डोळे वटारले.

त्या हिवाळ्यात तिचा फोन आला की मागे तो ठोका असायचा. मी भाजी निवडता निवडता ऐकायचे. तो वाजतोय म्हणजे पोर उबेत आहे, एवढं मला पुरत होतं. ती काय सांगायची त्यातलं निम्मं मला कळायचंही नाही, बिल्डिंगांची गणितं, बीम आणि कॉलम. ठोका मात्र कळायचा.

त्यापुढच्या हिवाळ्यात तो थांबला.

आधी वाटलं, फोन बदलला असेल. मग वाटलं, दुसऱ्या खोलीतून बोलत असेल. मग मी सरळ विचारलं, "हीटर लावलाय ना ग?"

"येस, आई. इट्स ऑन."

"मग वाजत का नाही?"

"दे फिक्स्ड इट. आय अॅम फाइन, आई."

चार मुलींनी मिळून घेतलेलं ते घर, आणि घरमालक गळका नळ महिना महिना दुरुस्त करायचा नाही, तो रेडिएटरचा ठोका दुरुस्त करायला धावला म्हणे. मी तेवढ्यावर फोन ठेवला. पण त्या दिवसापासून माझं बसणं संपलं.

काय चाललं होतं ते मला ह्यांच्याकडूनच कळत होतं, आणि मला ते कळतंय हे ह्यांना कळत नव्हतं. हे गॅसच्या धक्क्यावर इंजिनिअर. मीना अल-अहमदीची रिफायनरी मागे टाकून दक्षिणेकडे गेलं की तो धक्का लागतो. तेलाच्या देशात गॅस बाहेरून विकत आणावा लागतो, हे नाशिकच्या माझ्या भावाला अजून पटलेलं नाही. पण खरं आहे. गॅस अतिशय थंड करून त्याचं पाणी करतात, जहाजात भरतात, ते जहाज इथे लागतं, आणि तो गॅस जाळून वीज होते. ती वीज कुठे जाते? एसीत. म्हणजे इकडे गॅस जाळून आम्ही गारवा करतो आणि तिकडे तोच गॅस जाळून ते ऊब करतात. मुक्ताच्या दोन्ही खोल्या एकाच चुलीवरच्या.

त्या वर्षी युरोपात लढाई सुरू झालेली. जमिनीखालच्या नळातून त्यांना येणारा गॅस आटला होता, त्यात कडाक्याची थंडी पडली, आणि जगातली गॅसची जहाजं जो जास्त देईल त्याच्याकडे तोंड करून निघाली. हे संध्याकाळी घरी येऊन बुटांची नाडी सोडता सोडता सांगायचे, "आज परत चढला." दर. तापाचा पारा चढावा तसा तो रोज चढत होता. हे सोफ्यावर बसून फोनमध्ये युरोपच्या हवामानाचा नकाशा बघायचे, थंडी अजून किती दिवस टिकणार ह्याचा अंदाज घ्यायला. मी पलीकडच्या टोकाला बसून माझ्या फोनमध्ये तोच नकाशा बघायचे. इंग्लंडच्या डोक्यावर निळा डाग. ह्यांच्या निळ्यात दर होता, माझ्या निळ्यात मुक्ता. एकमेकांना आम्ही काही दाखवत नव्हतो.

मी तेव्हा वेड्यासारखं वागायला लागले होते, हे कबूल. शेगडीची ज्योत बारीक ठेवायची. भात झाकण ठेवून मंद आचेवर, चहा एकदाच उकळायचा. इथे सिलिंडरचं काय मोठं, संपला की हारिसला हाक मारायची, चहाचा कप रिकामा व्हायच्या आत दुसरा दारात. तरी मी ज्योत बारीक करायचे. ह्यांनी एकदा बघितलं.

"काय करतेस?"

"गॅस वाचवतेय."

"अगं बाई, तुझ्या ह्या बर्नरची नळी लीड्सला जात नाही."

"माहितीये मला. शिकलेली आहे मी."

माहीत होतं आणि तरी हात बटणावर जात होता. हाताला काहीतरी करायला हवं असतं. डिंकाचे लाडू केले, कुणी लंडनला जाणारं भेटतंय का म्हणून मराठी मंडळात फोन फिरवले. लाडू गेले. लाडवांनी खोली तापत नाही.

एका संध्याकाळी हे आले ते दार आपटूनच. "आमचं जहाज वळवलं."

"म्हणजे?"

"इकडे यायचं होतं ते युरोपात नेलं. विकणाऱ्याने आम्हाला दंड भरला आणि माल तिकडे विकला. दंड देऊनसुद्धा त्याला परवडलं, बोल आता!"

"बरं झालं," मी म्हटलं.

"काय बरं झालं?"

"तिकडे थंडी आहे. जाऊ दे तिकडे."

"अगं, उन्हाळ्याची बेगमी आहे ती आमची. एसी कशावर चालवायचे लोकांनी?"

"उन्हाळा लांब आहे अजून. मुक्ता आज कुडकुडतेय."

"कोण म्हणालं? तिने सांगितलं ना हीटर चालू आहे म्हणून."

"वाजत नाहीये तो."

"काय वाजत नाहीये?"

मग मी सगळं सांगितलं. ठोका थांबल्याचं, दुरुस्तीच्या थापेचं, आणि गेल्या फोनला मला तिच्या श्वासाच्या शेवटी ती बारीक शिट्टी ऐकू आल्याचं. हे आधी मला समजवायला लागले, "तुझं आपलं काहीतरी. आणि जहाज तिकडे गेलं म्हणून काही तिची खोली तापत नाही. ज्या दराला ते जहाज तिकडे गेलं, तोच दर ह्या पोरींच्या मीटरला..." आणि मध्येच थांबले. बूट हातात तसाच. दिवसभर जो आकडा बघून ह्यांच्या ऑफिसात चर्चा चालायच्या, तो आपल्या पोरीच्या खोलीत जाऊन बसलाय, हे बोलता बोलता ह्यांना कळलं.

लगेच फोन लावला. "मुक्ता, मी पैसे पाठवतो. हीटर लाव."

"बाबा, प्लीज. पैशांचं नाहीये."

आणि ते खरंच होतं. त्या चौघींमध्ये एक मीटर. आधी पैसे भरायचे, मग गॅस. त्यातल्या एकीच्या घरी वडिलांची नोकरी गेलेली, दुसरी संध्याकाळी हॉटेलात काम करून शिकणारी. चौघींनी बसून ठरवलं होतं की जमेल तितके दिवस लावायचाच नाही, कोट घालून अभ्यास करायचा. "मी एकटीने भरले तर त्यांना कसं वाटेल, बाबा? वी डिसायडेड टुगेदर." असं वागायला आपणच शिकवलं होतं, आता ते विसर म्हणून कसं सांगायचं? पण मैत्रिणींना दमा नव्हता, आणि हिला आहे हे तिने त्यांना सांगितलं नव्हतं. भिंतीच्या कोपऱ्यात ओल धरलीय, हेही ती बोलता बोलता बोलून गेली. ओल आणि दमा! मला तर आत्ताच्या आत्ता विमानात बसावंसं वाटलं.

"तू बोल तिच्याशी," हे म्हणाले. मी बोलले, रागावले, रडले. "आय अॅम फाइन, आई." त्या वाक्याला कुठून हात घालावा कळत नाही. सगळीकडून गुळगुळीत.

ते दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. इथला हिवाळा तसा गोड. दुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, कुवेती लोक वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, समुद्रावर दुधाळ चहाच्या गाड्या लागतात. फरशी मात्र बर्फ होते, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला आलं की बोटं बधिर. मी त्या पाण्यात मुद्दाम हात धरून उभी राहायचे. तिला किती वाजत असेल त्याचा अंदाज घ्यायला. समुद्रावर फिरायला जायचे, अर्ध्यातून परत यायचे. बकाल्यात, आमच्या कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानात जायचे आणि काय आणायला आले तेच विसरायचे. दादा बागेत फिरायचे तशी मी घरात फिरत होते. त्यांना निदान शेकोटी पेटवता येत होती.

अशातच एका शुक्रवारी परब आले. परब म्हणजे आमचे एसीवाले, कुडाळकडचे. जलीबला चार-पाच गाववाल्यांबरोबर खोली घेऊन राहतात, आणि दर हिवाळ्यात येऊन आमच्या म्हाताऱ्या एसींना आंघोळ घालतात. "थंडीतच करून घेवक व्हया, वयनी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात माका जेवक येळ गावना नाय." मुक्ताच्या खोलीतला एसी त्यांनी खिडकीतून उतरवून गॅलरीत नेला, धुतला, वाळवला, परत बसवला. एवढ्यात मुक्ताचा फोन आला. तिकडे नुकतं उजाडलं होतं.

मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या खोलीतच उभी होते. तेच चाललं होतं. जेवलीस का, येस. औषध घेतेस का, येस. हीटर, आई प्लीज. मागे काहीच वाजत नव्हतं. तिचा श्वास तेवढा वाजत होता, आता कान न लावताही ऐकू येईल इतका. परब म्हणाले, "लावून बघतंय हां," आणि बटण दाबलं.

एसी खोकला. मग हुंकारला. मग घसा साफ करून एका सुरात घोरायला लागला.

फोनमध्ये सगळं गप्प झालं. मला वाटलं फोन कटला.

"आई, हा माझ्या रूममधला?"

"हो ग. परबकाका आलेत. थांब, बंद करायला सांगते, तुझं ऐकू येत नाही मला."

"नको! नको बंद करू."

आणि मग म्हणाली, इंग्रजीत नाही, हसतही नाही, लहान आवाजात:

"आई, मला थंडी वाजतेय."

ऐकलंत? बरोबर म्हणाली. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. जे वाक्य बरोबर म्हणावं म्हणून तिचे बाबा इतकी वर्षं तिच्या मागे लागले होते, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा एकही चूक न करता म्हटलं, आणि मला इतकं वाईट आयुष्यात कशाचं वाटलं नव्हतं. थट्टा करायचं त्राणच उरलं नव्हतं तिच्यात. माझे पाय, जे तितके दिवस थांबत नव्हते, ते जागच्या जागी थांबले. हे दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता रागावणार. पण हे म्हणाले, "मुक्ता, तुझा बाप काय काम करतो?"

"गॅसचं," ती म्हणाली.

"मग खाली जा आणि तुझ्या मैत्रिणींना सांग, बाबांना गॅसवर स्टाफ डिस्काउंट मिळतो. कुटुंबाला फुकट. यंदाचा हिवाळा कंपनीकडून."

"बाबा, असं काही नसतं."

"तुला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे? आणि दम्याचंही सांग. ते तरी खरं आहे. आत्ता जा, फोन ठेवू नकोस. मला तो लागलेला ऐकायचाय."

जिन्यावरून उतरणारी तिची पावलं ऐकू आली. मग चार आवाजांची कुजबुज. मग कुणीतरी खो खो हसलं. त्या काय कुक्कुली बाळं होत्या स्टाफ डिस्काउंट खरा मानायला? पण हसायला कारण मिळालं की हो म्हणणं सोपं जातं. दमा म्हटल्यावर एक मुलगी तिच्यावर चांगलीच ओरडलेली मात्र मला स्पष्ट ऐकू आली, आणि ती कोण कुठली पोर मला त्या क्षणी सख्खी वाटली.

"लावलाय," मुक्ता वर येऊन म्हणाली. "पण टाइम लागतो, बाबा."

"लागू दे. परब, तो जरा बंद करा."

एसी बंद झाला. घर गप्प. फोन पलंगावर मध्ये ठेवला, आणि आम्ही त्याच्याभोवती वाकून उभे राहिलो, हे, मी, आणि पान्हा हातात घेऊन परब, ज्यांना जावं की थांबावं ते समजत नव्हतं. दादांनी हात वर करून गप म्हणावं तसे सगळे. तिकडे मुक्ताचा श्वास शिट्टी घालत होता, आणि गार लोखंडातून पाणी कुठूनतरी येत असणार, असं मी मनाशी म्हणत होते. ये रे बाबा. कुठल्या समुद्रातून, कुठल्या जहाजातून, कुणाचं वळवून आणलेलं असशील ते अस, पण ये.

टक्.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

टक्-टक्. आणि मग तो मोठा ठण्.

"वयनी, वाजलो!" परब ओरडले. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, पण काय वाजायला हवं होतं ते त्यांनाही कळलं. मी पलंगाच्या कडेवर टेकले आणि हुंदके देत रडले. परबांना मी त्या दिवशी जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि शेगडीची ज्योत मोठी केली.

छाती पुढे बरेच दिवस वाजली. डॉक्टर झाले, पंप बदलला, परीक्षा एक पुढे गेली. सगळं ठाकठीक झालं असं म्हणणार नाही. पण पोरगी उबेत होती. वसंत आला, निळा डाग उतरला, दर उतरले, ह्यांचं जहाजही उशिरा का होईना लागलं. ऑफिसात सगळे ते विसरले. दर उतरला की माणसं विसरतात. माझे कान विसरले नाहीत.

म्हणून एसी बंद झाला की मला अजून धस्स होतं. त्या गप्प घरात उभं राहून मी त्या ठोक्याची वाट बघितली होती, तो यायच्या आधीची ती शांतता परत कानांत भरते. ते सांगायचं कुणाला? मैत्रिणींना ऊन दिसतं. ह्यांना मात्र सांगावं लागत नाही.

आज दुपारी मुक्ताचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला. ती आता तिथेच नोकरी करते, स्वतःचं छोटं घर आहे. हॅलो म्हणायच्या आधीच तिने फोन रेडिएटरला लावला असणार. टक्, टक्-टक्. मी ऐकलं. मग ती फोनजवळ आली, आणि मी तिचा श्वासही ऐकला, शेवटपर्यंत. स्वच्छ होता.

"झालं ऐकून?" ती म्हणाली. "आता बोल. तिकडे किती वाजली?"

"साडेतीन," मी म्हटलं. "आणि तुमच्याकडे?"

"बाहेर खूप. पण आत आज थंडी अजिबात ऐकू येत नाहीये, आई."

चूक. पार चूक. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. मला वाटलं आता दुरुस्त करणार. पण हे उठले, मुक्ताच्या खोलीत गेले, आणि एसीचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

घर गप्प झालं. मी फोन हातात तसाच धरून खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदा बसले.